जुन्या ट्रॅक्टरचा डायनॅमो चार्ज देत नाही तेव्हा: दोष शोधायचा क्रम

सकाळी सेल मारला की स्टार्टर नुसता कण्हतो. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली की दोन दिवस बरं चालतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण नवी बॅटरी घेतात. तीही उतरली की रेग्युलेटर बदलतात, मग डायनॅमो. एवढं होऊन दोष निघतो तो गंजलेल्या एका अर्थ वायरीत (अर्थ म्हणजे ट्रॅक्टरच्या बॉडीला जाणारा जोड). मी स्वतः माझ्या पहिल्या ट्रॅक्टरवर चांगला डायनॅमो काढून दुसरा बसवला होता. रेग्युलेटरच्या अर्थच्या स्क्रूखाली रंगाचा थर बसलेला आहे, हे नंतर दिसलं. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. यातली कोणतीही पायरी स्वतःहून गाळू नका आणि दोष डायनॅमोत आहे की त्याच्या पुढे, हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

हातात एवढं असावं: साधा मल्टिमीटर, फूटभर जाड वायरीच्या दोन्ही टोकांना क्लिपा लावलेला तुकडा, पाने, पेट्रोल, सुती फडकं आणि बारीक पॉलिश पेपर. बॅटरीचं पाणी तपासायला हायड्रोमीटर मिळाला तर फारच उत्तम.

आधी हे यंत्र समजून घ्या

1960 च्या दशकापासून डायनॅमोच्या जागी हळूहळू ऑल्टरनेटर आले. त्याआधीच्या ट्रॅक्टरवर जे लांबट, नळकांड्यासारखं यंत्र पट्ट्यावर फिरतं, तो डायनॅमो. बॉडीला आतून चिकटून बसलेली कॉइल म्हणजे फिल्ड, मधे फिरणारं आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्यूटेटर आणि त्यावर टेकलेले दोन कार्बन ब्रश.

डायनॅमो स्वतःच्याच विजेवर उभा राहतो, हे नीट लक्षात घ्या. फिल्डच्या लोखंडात थोडं चुंबकत्व कायम उरलेलं असतं. त्यातून फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये जेमतेम एखादा व्होल्ट तयार होतो. तो फिल्ड कॉइलमध्ये जातो, चुंबकत्व वाढतं, त्यामुळे व्होल्टेज वाढतं, आणि हे चक्र वर चढत जातं. ही साखळी कुठेही तुटली तर डायनॅमो त्या एका व्होल्टवरच अडकतो. पुढच्या चाचण्यांचा अर्थ लावताना हीच गोष्ट कामाला येते.

रेग्युलेटरच्या डबीत सहसा दोन वेगळी कामं चालतात. एक भाग फिल्डचा प्रवाह जोडत-तोडत राहतो, म्हणजे व्होल्टेज हाताबाहेर जात नाही. दुसरा भाग म्हणजे कटआउट. डायनॅमोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेलं की तो दोघांना जोडतो, आणि इंजिन मंदावलं की तोडतो. कटआउट नसता तर इंजिन बंद असताना बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी झाली असती.

फार जुन्या काही ट्रॅक्टरांवर, उदाहरणार्थ 1939 साली आलेल्या फोर्ड ९एनवर, तीन ब्रशचा डायनॅमो आणि फक्त कटआउट असतो. तिथे चार्ज किती मिळणार हे तिसऱ्या ब्रशच्या जागेवर ठरतं.

काम सुरू करण्याआधी

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, चाकाला ओट लावलेली, आणि उघड्या हवेत. बाह्या दुमडा, गळ्यातला रुमाल काढा, अंगठी आणि घड्याळही काढा. फिरता पट्टा आणि पंखा जवळ असतो, आणि अंगठीतून बॅटरी शॉर्ट झाली तर बोट भाजतं. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको आणि ठिणगी नको. वायरी सोडताना बॅटरीचं अर्थचं टोक सगळ्यात आधी काढा आणि सगळ्यात शेवटी जोडा.

आता बघा, बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला गेलं आहे? पुष्कळ जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन ट्रॅक्टरांवर पॉझिटिव्ह टोक अर्थ असतं. सवयीने निगेटिव्ह बॉडीला जोडलं की डायनॅमो आणि बॅटरी एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात आणि कटआउटचे पॉइंट (एकमेकांना टेकून वीज जोडणारे टोकाचे तुकडे) चिकटून जळतात. डायनॅमोकडून येणारं व्होल्टेज कोणत्या बाजूचं आहे हे मीटरवर तपासून वहीत लिहून ठेवा. बॅटरी 6 व्होल्टची की 12 व्होल्टची, हेही.

पायरी 1: बॅटरी आणि तिची टोकं

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मीटर लावा. 12 व्होल्टच्या चांगल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साधारण 12.6 दिसतात, निम्मी उतरलेली असेल तर 12.2 च्या आसपास, आणि 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. 6 व्होल्टच्या बॅटरीला हेच आकडे निम्मे. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक खान्यातल्या पाण्याची घनता मोजा. पूर्ण भरलेल्या खान्यात 1.265 ते 1.280 येतात. सगळे खाने सारखेच खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे. एकच खाना बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर बॅटरीच गेलेली आहे, आणि डायनॅमोने कितीही दिलं तरी ती धरणार नाही.

टोकं काढून आतून-बाहेरून चकचकीत होईपर्यंत घासा. अर्थची पट्टी जिथे चॅसिसला बसते तिथला रंग आणि गंज खरवडून काढा. पुढे जाण्याआधी बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज करून घ्या. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेली मापं फसवतात.

पायरी 2: पट्टा

पट्ट्याच्या लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. साधारण 12 ते 19 मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर रेस वाढवल्यावर पट्टा घसरतो. पट्टा चकाकत असेल आणि पुलीच्या खाचेत तळाला टेकत असेल तर ताणूनही उपयोग नाही, तो बदलाच. उलट, पट्टा तारेसारखा ताणून ठेवण्याची सवय डायनॅमोचं बेअरिंग आणि मागचा बुश (शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती नळी) खाते. बुश झिजला की आर्मेचर फिल्डच्या लोखंडाला घासायला लागतं.

पायरी 3: चार्ज होतंय का, हे नीट बघा

इंजिन चालू करा आणि मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांवर ठेवा. स्लोवर काहीच वाढ दिसली नाही तर घाबरू नका. डायनॅमो स्लोवर चार्ज देत नाही, तो त्याचा स्वभाव आहे. लाइट चालू असतील तर अँपिअर मीटर तेव्हा उणेकडेही झुकेल. आता रेस मध्यम करा. 12 व्होल्टच्या ट्रॅक्टरवर आकडा हळूहळू 13.8 ते 14.5 च्या दरम्यान यायला हवा. आला तर तुमची चार्जिंग यंत्रणा चालू आहे, आणि बॅटरी का उतरते याचं कारण दुसरीकडे शोधायचं: कुठेतरी गळती असेल, किंवा ट्रॅक्टर रोज दहा मिनिटंच चालत असेल. बहुतेक ट्रॅक्टरांचे डायनॅमो 11 ते 22 अँपिअरचे असतात. मागचे-पुढचे जादा दिवे लावले तर सगळं तिथेच संपतं आणि बॅटरीला काही उरत नाही.

डॅशवर चार्जिंगचा लाल दिवा असेल तर तोही काही सांगतो. चावी फिरवल्यावर तो लागतो तो डायनॅमोतून अर्थ मिळून. रेस वाढल्यावर विझतो, कारण दोन्हीकडे सारखं व्होल्टेज होतं. रेसवरही मंद पेटलेला राहिला तर डायनॅमो आणि बॅटरी यांच्यात फरक पडतो आहे, म्हणजे कटआउटचे पॉइंट किंवा मधला जोड खराब आहे. चावी फिरवूनही लागलाच नाही तर आधी बल्ब बघा. ऑल्टरनेटरसारखं इथे बल्बवाचून चार्जिंग अडत नाही.

पायरी 4: दोष डायनॅमोत की पुढे?

सगळ्या लेखात महत्त्वाची पायरी हीच. मात्र त्याआधी तुमचा डायनॅमो कोणत्या जातीचा आहे हे कळायला हवं, कारण दोन जातींची चाचणी वेगळी आहे.

पहिल्या जातीत फिल्डचं एक टोक आतच बॉडीला जोडलेलं असतं, आणि रेग्युलेटर फिल्डला आर्मेचरकडून वीज पुरवतो. लुकास कंपनीचे डायनॅमो असे असतात. त्यांच्या मोठ्या टर्मिनलवर 'डी' आणि लहानावर 'एफ' असतं. दुसऱ्या जातीत फिल्डचं एक टोक आत आर्मेचरच्या ब्रशला जोडलेलं असतं आणि रेग्युलेटर दुसऱ्या टोकाला अर्थ देतो. डेल्को-रेमी कंपनीचे बरेच डायनॅमो या जातीचे. शंका असेल तर वायरी सोडा, ब्रश आणि कम्यूटेटर यांच्यामध्ये जाड कागद सरकवा आणि ओहम मोजा. फिल्ड टर्मिनल ते बॉडी काही ओहम आले तर पहिली जात. बॉडीकडे काहीच नाही, पण आर्मेचरच्या टर्मिनलकडे आले, तर दुसरी. कागद काढायला विसरू नका.

पहिल्या जातीची चाचणी: इंजिन बंद. डायनॅमोवरच्या 'डी' आणि 'एफ' दोन्ही वायरी काढा, खुणा करून बाजूला ठेवा, टोकं कुठे टेकणार नाहीत असं बघा. क्लिपांच्या तुकड्याने 'डी' आणि 'एफ' टर्मिनलं एकमेकांना जोडा. मीटरची एक वायर या जोडावर, दुसरी डायनॅमोच्या बॉडीवर, रंग नसलेल्या जागी. इंजिन स्लोवर चालू करा आणि रेस अगदी सावकाश वाढवा. व्होल्टेज सरळ, न अडखळता चढलं पाहिजे. 20 व्होल्ट दिसले की लगेच रेस सोडा. इथे रेग्युलेटर जोडलेला नाही, त्यामुळे आवरणारं कुणी नाही. इंजिन 1000 फेऱ्यांच्या वर नेण्याची गरजच नाही, आणि हे काही सेकंदांतच आटपायचं.

दुसऱ्या जातीत दोन्ही वायरी काढून फिल्ड टर्मिनल बॉडीला जोडायचं आणि मीटर आर्मेचरच्या टर्मिनलवर लावायचा. बाकी सगळं तसंच.

आता निकाल. व्होल्टेज नीट चढलं तर डायनॅमो चांगला आहे, त्याला हात लावू नका आणि पायरी 6 कडे जा. 12 व्होल्टच्या डायनॅमोवर फक्त अर्धा ते एक व्होल्ट येत असेल तर ते उरलेल्या चुंबकत्वाचं व्होल्टेज आहे: फिल्डला वीज पोचत नाही, म्हणजे कॉइल तुटलेली किंवा तिचा जोड सुटलेला. चार-पाच व्होल्टवर अडकलं तर संशय आर्मेचरवर. शून्यच आलं तर आधी ब्रश, आणि मग गेलेलं चुंबकत्व. काटा थरथरत असेल तर ब्रश नीट टेकत नाहीत.

पायरी 5: डायनॅमो उघडल्यावर

उघडण्याआधी गेलेलं चुंबकत्व परत आणून बघा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या, किंवा उलट बॅटरी जोडलेल्या ट्रॅक्टरवर हे नेहमी होतं. पहिल्या जातीत इंजिन बंद असताना 'एफ'ची वायर डायनॅमोवरून काढा, आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून आलेल्या वायरीने 'एफ' टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर स्पर्श करा. ठिणगी टर्मिनलपाशी उडू द्या, बॅटरीपाशी नको. दुसऱ्या जातीत रेग्युलेटरवर बॅटरीचं आणि आर्मेचरचं टर्मिनल क्षणभर जोडतात. हा प्रकार पहिल्या जातीवर करू नका.

त्याने भागलं नाही तर डायनॅमो काढा. मागचं झाकण उघडल्यावर ब्रश दिसतील. ब्रश आपल्या घरात बोटाने सहज सरकला पाहिजे. अडकत असेल तर घर पेट्रोलने पुसा. नव्याच्या निम्म्याहून कमी उरला असेल तर जोडी बदला, स्प्रिंगचा जोरही बघा. नवा ब्रश कम्यूटेटरच्या गोलाईत बसावा म्हणून कम्यूटेटरवर पॉलिश पेपर गुंडाळून ब्रश त्यावर थोडा घासून घेतात.

चांगल्या कम्यूटेटरचा रंग चॉकलेटी असतो आणि तो गुळगुळीत लागतो. काळा झाला असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पुसा, तरी गेलं नाही तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. काळा एमरी पेपर वापरू नका. त्याचे कठीण कण तांब्यात रुततात आणि पुढे ब्रश कुरतडत राहतात. तांब्याच्या पट्ट्यांच्या मधला अभ्रक तांब्याच्या पातळीला आला असेल तर ब्रश त्यावर उड्या मारतो. हॅक्सॉ ब्लेडच्या जुन्या तुकड्याची जाडी घासून बारीक करा आणि अभ्रक सुमारे 0.8 मिलिमीटर खोल कोरून काढा. हे काम सावकाश करायचं. एक-दोनच पट्ट्या जळाल्यासारख्या दिसत असतील तर तिथे आर्मेचरची तार तुटलेली असते.

फिल्ड कॉइलचा रोध मोजा. लुकासच्या 12 व्होल्टच्या सी३९ आणि सी४० डायनॅमोत तो सुमारे 6 ओहम असतो. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटली, फार कमी आला तर ती आत शॉर्ट आहे. आर्मेचरचा कम्यूटेटर आणि शाफ्ट यांच्यात मीटरने काहीही दाखवता कामा नये.

मागचा बुश बहुधा तेल शोषून घेणाऱ्या सच्छिद्र ब्राँझचा असतो. नवा बसवणार असाल तर आधी तो 24 तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. झाकणावर तेलाचं भोक असतं, त्यात वेळोवेळी दोन-तीन थेंब पुरतात. जास्त ओतलं तर तेल ब्रशवर येतं.

जोडल्यावर, पट्टा चढवण्याआधी एक सुंदर परीक्षा आहे. पहिल्या जातीत 'डी' आणि 'एफ' एकत्र जोडून बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाला आणि बॉडी अर्थच्या टोकाला लावा. डायनॅमो मोटरसारखा शांतपणे, एका लयीत फिरायला लागेल. अडखळत फिरला किंवा हाताने ढकलावा लागला तर आर्मेचर किंवा ब्रश पुन्हा बघा. त्यातच त्याला योग्य बाजूचं चुंबकत्वही मिळतं.

पायरी 6: वायरी

डायनॅमो चांगला निघाला तर वायरी परत लावा आणि रेग्युलेटरकडची त्यांची टोकं काढा. पायरी 4 ची चाचणी आता या टोकांवर करा. इथेही तसंच व्होल्टेज आलं तर वायरी शाबूत आहेत. डायनॅमोवर येतं आणि इथे येत नाही, तर मधली वायर आतून तुटली आहे. जुन्या वायरी वरून धडधाकट दिसतात आणि टर्मिनलजवळ आत हिरव्या पडलेल्या असतात.

मग रेग्युलेटरचा अर्थ. तो सुटला तर दोन्ही कॉइलींना परतीचा रस्ता उरत नाही. कटआउट लागत नाही म्हणून बॅटरीला काहीच मिळत नाही, आणि फिल्ड तुटत नाही म्हणून डायनॅमोचं व्होल्टेज बेफाम चढतं. चार्ज नाही, पण लाल दिवा रेसवर उलट जास्तच प्रखर होतो किंवा उडतो, असं दिसलं तर सरळ अर्थच्या स्क्रूकडे जा.

पायरी 7: रेग्युलेटर आणि कटआउट

बॅटरीचं अर्थ काढून झाकण उघडा. नवशिक्याने इथे एवढंच करावं: पॉइंट साफ करणं. रेग्युलेटरच्या पॉइंटमधून बारीक सिलिकॉन कार्बाइड पेपर ओढा. कटआउटचे पॉइंट मऊ असतात, त्यांना फक्त काचेचा बारीक पॉलिश पेपर. नंतर स्पिरिटच्या कागदाने पुसा. अर्ध्याहून जास्त रेग्युलेटर एवढ्यानेच पुन्हा कामाला लागतात, असा माझा अनुभव आहे.

कटआउट 12 व्होल्टच्या यंत्रणेत साधारण 12.7 ते 13.3 वर लागतो. रेस वाढवून 'डी'वर 15 व्होल्ट येतात तरी तो लागत नाही, तर कॉइल किंवा सेटिंग बिघडलेलं आहे. इंजिन बंद असताना तो बोटाने दाबून बघायचा मोह होईल. तसं केलं तर बॅटरी पूर्ण जोराने डायनॅमोत ओतली जाते.

सेटिंगचा स्क्रू फिरवण्याआधी एक समजून घ्या. लुकासच्या जुन्या रेग्युलेटरवर बॅटरी बाजूला काढून मोजलेलं व्होल्टेज 16 च्या आसपास असतं, ते बरोबर आहे. भार आला की ते आपोआप खाली येतं. तो आकडा बघून स्क्रू ढिला केला की बॅटरी कायमची उपाशी राहते. शिवाय ही मोजणी अर्ध्या मिनिटात उरकावी लागते, कारण कॉइल तापली की माप बदलतं. हे काम एकदा जाणत्याच्या शेजारी उभं राहून बघावं.

चार्ज जास्त होत असेल तर

बॅटरीचं पाणी झपाट्याने कमी होतं, बल्ब उडतात, तिखट वास येतो. पहिल्या जातीच्या डायनॅमोवर 'एफ'ची वायर डायनॅमोवरून काढून इंजिन चालवा. तरी चार्ज होतच असेल तर शॉर्ट डायनॅमोच्या आत आहे. थांबला तर वायर डायनॅमोला लावा आणि रेग्युलेटरवरून काढा. आता पुन्हा चार्ज व्हायला लागला तर 'डी' आणि 'एफ'च्या वायरी वाटेत कुठेतरी घासून एकमेकींना चिकटल्या आहेत. नाही झाला तर दोष रेग्युलेटरच्या चिकटलेल्या पॉइंटांत.

इंजिन बंद केल्यावर अँपिअर मीटरचा काटा पूर्ण उणेकडे गेला, किंवा डायनॅमो कोमट व्हायला लागला, तर कटआउट चिकटला आहे. विचार करत थांबू नका, बॅटरीचं टोक तत्काळ काढा. नाहीतर वायरिंग पेटेल.

जोडून झाल्यावर

पायरी 7 मधली मोजणी सोडली तर बॅटरी काढलेली असताना इंजिन कधीच चालवू नका. डायनॅमो काढला असेल, रेग्युलेटर बदलला असेल किंवा बॅटरी उलट लागली असेल, तर पायरी 5 मधली चुंबकत्वाची कृती इंजिन चालू करण्याआधी पुन्हा करा. मग मध्यम रेसवर दहा मिनिटं चालवा. सेल मारल्यानंतर लगेच अँपिअर मीटर बराच अधिक दाखवेल, आणि बॅटरी भरत जाईल तसा काटा मधाकडे उतरेल. डायनॅमोच्या बॉडीला हात लावून बघा, गरम लागेल पण हात ठेवता आला पाहिजे. नवा पट्टा असेल तर काही तास काम झाल्यावर तो सैल पडतो, म्हणून त्याच संध्याकाळी अंगठा लावून पुन्हा बघा.